फवारणी किटमधल्या मास्कबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
(फवारणी संरक्षण किटचे उत्पादक)

विषय: ‘विषारी औषधापासून संपूर्ण संरक्षण’ असे छापून धुळीचा मास्क विकल्याबाबत

महोदय,

आमच्या शेतकरी गटाने तालुक्याच्या कृषी केंद्रातून आपली २४ किट घेतली. हातमोजे, चष्मा, ॲप्रन ठीक आहेत. तक्रार मास्कची आहे.

मास्क कापून पाहिला. कापडासारखे दोन थर, मधे गाळणीचा एक आणि राखाडी कार्बनचा पातळ पापुद्रा. आयएस ९४७३ किंवा एफएफपी२ असा, धुळीच्या मास्कच्या दर्जाचा शिक्का कुठेही नाही, आणि असता तरी भागले नसते. त्या दर्जाचा मास्क धूळ आणि तुषार अडवतो, वाफ नाही. आमच्याकडे बोंडअळीवर प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के ई.सी. मारतात. ई.सी. औषध द्रावकात विरघळवलेले असते. पंपात ओतताना आणि उन्हात त्याची वाफ उठते. ती अडवायला तपकिरी पट्ट्याचा, ‘ए’ वर्गाचा, मास्कला बसवायचा कार्बनचा डबा लागतो आणि त्याच्यापुढे तुषारासाठी पांढऱ्या पट्ट्याची पी२ गाळणी. डब्यावर ए१पी२ किंवा ए२पी२ असे लिहिलेले असते. आपल्या पापुद्र्याने फक्त वास थोडा कमी होतो. आम्हाला भीती त्याचीच आहे: वास येईना म्हणजे विष नाही, असे समजून गडी दिवसभर फवारत राहतो.

दुसरे, मास्क कानात अडकवायचा आहे. गाल आणि नाकाच्या कडेला फट राहते आणि हवा तिथूनच आत शिरते. असे डबे बसवायच्या, नाक-तोंड झाकणाऱ्या रबरी हाफ मास्कला डोक्यामागून आणि मानेमागून असे दोन पट्टे असतात. घातल्यावर डबे तळव्यांनी झाकून श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून तसाच राहिला तर बसला, नाहीतर पट्टे पुन्हा ओढायचे. दाढीवर तो बसतच नाही. आपल्या पत्रकात यातले काहीच नाही, मापही एकच.

पत्रकात ‘साबणाने धुऊन ५० वेळा वापरा’ असे मात्र आहे. अशा गाळणीतला तंतू विजेच्या भाराने बारीक कण धरतो. साबणाच्या पाण्याने तो भार जातो. कापड तसेच दिसते, काम थांबते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी होते, फवारा तोंडासमोरच उडतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच जिल्ह्यात हा मास्क हा मजकूर छापून विकला जातो, हे आम्हाला सहन होत नाही.

आमची मागणी:

२४ किटमधल्या मास्कची रक्कम परत करावी, किंवा त्याऐवजी दोन मापांत हाफ मास्क, ए१पी२ डबे आणि डब्यांची एकेक जादा जोडी द्यावी. डबा सीलबंद असावा, वापरण्याची अंतिम तारीख छापलेली असावी. सोबत मराठी पत्रक हवे: काम झाले की डबा हवाबंद पिशवीत ठेवावा, कारण उघडा राहिला तर कार्बन ओल आणि वाफ ओढून संपतो, मास्कच्या आत औषधाचा वास वा चव आली की लगेच शेताबाहेर यावे आणि डबा बदलावा.

उरलेल्या मालावरचा ‘संपूर्ण संरक्षण’ हा मजकूर काढून ‘फक्त धुळीसाठी’ असे छापावे, आणि तोवर कृषी केंद्रांतला माल परत घ्यावा.

१५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करू. बिलाची प्रत, पाकिटाचे फोटो आणि कापलेला एक मास्क सोबत जोडला आहे.

आपले,
शेतकरी गटाचे सदस्य
जि. यवतमाळ