बाबा, त्या चिनी पुड्या मी पाठवत नाहीये

प्रिय आई, बाबा,

परवा बाबांनी फोनवर चिनी औषधांच्या पुड्या मागितल्या तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, बाबा मध्येच "बरं बरं, राहू दे मग" म्हणाले आणि त्या आवाजावरूनच कळलं की वाईट वाटलंय. म्हणून सगळं लिहून काढतेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून, नाहीतर तुम्ही मोबाईलवर डोळे ताणत बसाल.

बाबा, तुम्ही म्हणालात ते अगदी खरं आहे. इथे ग्वांगझोऊमध्ये पंचाहत्तरीचे लोक सकाळी साडेसहाला पार्कात व्यायाम करताना दिसतात, ऋतू बदलला की घरोघरी काहीतरी उकळत असतं, मग मुलगी तिथेच राहतेय तर तिने एक-दोन पुड्या पाठवल्या तर काय बिघडलं, असं तुम्हाला वाटणारच. मलाही तेच वाटलं होतं हो. मी गेलेपण होते छिंगपिंग मार्केटला, ते इथलं जुनं काष्ठौषधींचं मार्केट, पोत्यांच्या रांगाच्या रांगा, वाळलेली मुळं, साली, शेवंतीची फुलं, लाल बोरं, आणि वास कसा तर आजीच्या बटव्याचा शंभरपट. अर्धा किलो गोजी बेरी, म्हणजे बारीक लाल वाळलेली फळं, घेतली, आणि दुकानदारीण म्हणाली वयस्कर माणसांच्या रक्ताला चांगलं म्हणून डांगग्वेई नावाच्या मुळाच्या चकत्या पण घेतल्या. ऑफिसमधला एक जण दिवाळीला मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर द्यायचं ठरलं होतं.

मग मी ज्या चिनी वैद्यांकडे जाते त्यांना सहज विचारलं. ते म्हातारे आहेत, तीन बोटं ठेवून दोन्ही मनगटांची नाडी बघतात, जीभ बाहेर काढायला लावतात, पण शेजारच्या टेबलावर ब्लड रिपोर्ट पण असतो, इथे सरकारी हॉस्पिटलात दोन्ही एकाच छताखाली चालतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, वडील कुठल्या गोळ्या घेतात? मी सांगितलं, बीपीची, आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन. त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाले डांगग्वेई नाही, दानशेन नाही, जिनसेंग नाही, आणि ती गोजी पण नको. मी म्हटलं गोजी तर सगळे चहात टाकतात, तर म्हणाले त्या सगळ्यांच्या पोटात वॉरफरिन नसते.

मी नंतर वाचून बघितलं, खरंच आहे ते. गोजीमुळे वॉरफरिनचा असर वाढून लोकांना रक्तस्राव झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्यात. बाबा, तुमचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो आकडा, दोन ते तीनमध्ये ठेवायला आपण किती महिने झगडलो आठवतंय ना, पालकाची भाजी जास्त झाली तरी आकडा हलायचा. तो आकडा मी माझ्या हाताने बिघडवू? ते पाकीट आता माझ्या कपाटात आहे, तसंच बंद.

आणि तुम्ही म्हणाल हजारो वर्षांचं शास्त्र आहे, त्यात काही तथ्य असेलच ना. आहेच. तू योयो बाईंना २०१५ साली नोबेल मिळालं ते मलेरियावरच्या औषधासाठी, आणि त्याचा धागा त्यांना १६०० वर्षांपूर्वीच्या एका चिनी ग्रंथात सापडला, की अमुक वनस्पती पाण्यात भिजवून पिळून तो रस प्यावा. उकळा असं म्हटलेलं नाही हे त्यांनी हेरलं, म्हणून कमी उष्णतेवर अर्क काढला आणि आधी स्वतः घेऊन बघितला, मग पेशंटना दिला. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो, कारण त्यांनी जुन्या ओळीवर विश्वासही ठेवला आणि ती तपासूनही घेतली. पण त्याच चिनी औषधांत अशाही वनस्पती आहेत ज्यात अॅरिस्टोलोकिक अॅसिड असतं, त्याने किडनी कायमची जाते. १९९० च्या दशकात ब्रुसेल्सला वजन कमी करायच्या औषधात एका मुळाच्या जागी दुसरंच मूळ पडलं आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या. पूड झाली की डोळ्यांना काय कळणार आत काय आहे ते. म्हणून पुडी नाही म्हणजे नाही, आणि तुम्ही पण ते व्हॉट्सअॅपवर येतं ते सांधेदुखीचं चिनी तेल-चूर्ण काही मागवू नका, माझी शपथ आहे.

आई, तुझं पण एक आहे. तू पावसाळा संपला की घसा धरला म्हणून ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर तोंडात ठेवतेस. इथे त्याला गान-त्साओ म्हणतात, चिनी काढ्यांमध्ये ते इतकं वापरतात की अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांवर असेल. पण रोज खूप पोटात गेलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. एखादे दिवशी तुकडा चघळलास तर ठीक, रोजची सवय सोड. आणि बाबांना तर देऊच नकोस.

आता जे मला खरंच तुम्हाला द्यायचंय ते सांगते.

मी इथे आले त्या पहिल्या वर्षी मार्चमध्ये आजारी पडले होते, तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं. इथे एक प्रकार असतो, ह्वेइ-नान-थ्येन. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कधीतरी थंडी अचानक सरते, समुद्राकडून गरम दमट हवा घुसते, आणि घराच्या भिंती-फरशा अजून गारच असल्यामुळे त्यांच्यावर पाणी धरतं, म्हणजे अक्षरशः ओघळतं, जिन्यात पाय घसरतो, आरसा पुसला की परत धूसर. मी चिपळूणची मुलगी, मला काय ओलीचं कौतुक, असं म्हणून मी सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकल्या, वारं खेळू दे म्हणून, आणि त्यानेच सगळं वाढलं, गादीला बुरशी आली आणि मला तीन आठवडे खोकला. तेव्हा घरमालकीण धावून आली. इथे वयाने मोठ्या बाईला आ-यी म्हणतात, म्हणजे मावशी, पण आई, ऐकायला ते इतकं तुझ्यासारखं आहे की पहिल्यांदा हाक मारताना माझा घसा दाटून आला होता. आयी ७४ वर्षांची आहे. तिने आधी सगळ्या खिडक्या लावल्या, विशेषतः समुद्राच्या बाजूच्या, डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन, आणून ठेवला, पलंग भिंतीपासून हातभर लांब ओढला आणि मग भाजलेल्या ई-मीचं नि लाल चवळीसारख्या बारीक डाळीचं पाणी उकळून दिलं. ई-मी म्हणजे ज्वारीपेक्षा मोठे पांढरे दाणे. ती म्हणाली तुझ्या अंगात शी-छी भरलंय. म्हणजे ओल. आपण भिंतीला ओल आली म्हणतो ना, ते लोक तसं माणसालाही म्हणतात, अंग जड, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, सकाळी उठवत नाही.

ती ओल कुठल्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. पण भिंतीवरची बुरशी आणि माझा खोकला खरा होता, आणि आयीने दोन्ही घालवलं, आणि मला वाटतं त्यात खिडक्या लावण्याचा आणि त्या मशीनचा वाटा त्या पाण्यापेक्षा मोठा होता. तुमच्या मागच्या खोलीत जी उत्तरेची भिंत आहे, जिच्यावर दर जुलैत काळे ठिपके येतात, बाबांचं डोकं रात्री बरोब्बर तिच्याजवळ असतं. पलंग आजच्या आज हलवा, दादाला हाताशी घ्या, एकट्याने ओढू नका. आणि खोलीत दोरी बांधून ओले कपडे वाळत घालणं बंद. डिह्युमिडिफायरचे पैसे मी दादाला पाठवलेत. दिवाळीच्या पार्सलमध्ये आर्द्रता मोजायचं एक छोटं घड्याळासारखं यंत्र पाठवतेय, आकडा ६० च्या वर गेला की मशीन लावायचं, इतकंच. कुळथाचं कढण तुम्ही तसंही करताच, मला तर ई-मीचं पाणी पिताना त्याचीच आठवण येते.

दुसरं म्हणजे आयीचं भिंतीवरचं कॅलेंडर. त्यावर वर्षाचे २४ भाग छापलेले असतात, प्रत्येक साधारण १५ दिवसांचा, सूर्याच्या चालीवर, त्यामुळे तारखा जवळजवळ ठरलेल्या, आपली संक्रांत कशी १४-१५ जानेवारीलाच येते तसं. युनेस्कोने २०१६ मध्ये ते वारशाच्या यादीत घेतलंय. पण मला आवडतं ते हे की ती ऋतू येऊन थडकायची वाट बघत नाही. ७-८ ऑगस्टला ली-छ्यू, म्हणजे शरद सुरू, बाहेर ३४ डिग्री घामाच्या धारा, तरी ती कलिंगड बंद करते आणि पेअर वाफवायला घेते, कारण पुढे कोरडी हवा येणार आणि घसा कोरडा पडणार हे तिला माहितीय. सप्टेंबरात बाय-लू लागला की अंग उघडं टाकायचं नाही, ८ ऑक्टोबरच्या सुमाराला हान-लू लागला की पाय उघडे टाकायचे नाहीत, अशी त्यांच्यात म्हणच आहे. आई, तुझा खोकला दरवर्षी कधी सुरू होतो? पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन पडलं, दुपारी घाम आणि पहाटे गारवा, आणि बाबा फ्रीजमधली बाटली काढतात, तेव्हाच ना. मग यंदा आधीपासूनच दोघांनी कोमट पाणी, फार तर माठातलं. थर्मॉस पाठवतेय, इथे ऑफिसात, रेल्वेत, सगळीकडे माणसं तो घेऊनच फिरतात. पेअर तुला चालेल, वाफवून, पण इथले लोक खडीसाखर घालतात ती तू घालायची नाहीस, शुगर आहे हे विसरू नकोस. आणि पहाटे देवपूजेला गार फरशीवर अनवाणी बसतेस ते बंद, चटई आणि मोजे.

पाय शेकण्याचं पण सांगते कारण तुला ते फार आवडेल. आयी रोज रात्री झोपायच्या आधी १५-२० मिनिटं कोमट पाण्यात पाय सोडून बसते, हिवाळ्यात त्यात आलं ठेचून टाकते. पण आई, तुझ्या तळपायांना मुंग्या येतात, गरम कळत नाही नीट, म्हणून पाण्यात आधी बाबांनी कोपर घालून बघायचं, मगच तू पाय घालायचे. दहा मिनिटं बास. नंतर बोटांमधलं पाणी कोरडं पुसायचं.

उन्हाळ्यात इथे हॉस्पिटलांसमोर रांगा लागतात, त्याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. सान-फू म्हणून वर्षातले सगळ्यात उकाड्याचे ३० किंवा ४० दिवस असतात, तेव्हा पाठीवर आल्याच्या रसात कालवलेल्या औषधाच्या टिकल्या लावतात, हिवाळ्यातला दमा-खोकला उन्हाळ्यातच आवरायचा म्हणून. त्याने कातडीला फोड येऊ शकतात, त्यामुळे आई तुझ्यासाठी नाहीच. पण आयी तिथून परत येताना काय म्हणाली ते सांगते. म्हणाली ही टिकली झाली, आता ऑक्टोबरात फ्लूची लस. तिला दोन्हीत काही विरोध वाटतच नाही. तर तुमच्यासाठी मला त्यातलं दुसरं हवंय. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याच्या आधी, यंदाची राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून आता, आणि न्यूमोनियाचीपण. बाबा, तुम्ही मागच्या वर्षी "मला काय धाड भरलीय" म्हणून टाळलंत आणि जानेवारीत आठ दिवस अॅडमिट होतात. मी तिकिटासाठी इथे रात्रभर जागी होते. परत तसं नको हो.

आणि राहता राहिलं बा-दुआन-जिन. आठ हालचाली, सगळ्या मिळून १२ मिनिटं, पार्कातल्या त्या आज्या-आजोबांचं मुख्य औषध मला तर हेच वाटतं. पहिल्यात दोन्ही हात गुंफून आकाश तोलून धरल्यासारखे वर न्यायचे, आणि शेवटच्यात टाचा उचलून सात वेळा हलकेच खाली आपटायच्या. घाई नाही, दम लागत नाही, श्वास आपोआप संथ होतो. मी आयीबरोबर दोन वर्षं करतेय, माझी कंबर दुखायची राहिली. बाबा, तुम्ही शेवटचा प्रकार खुर्चीची पाठ धरूनच करायचा, रक्त पातळ असताना पडणं परवडणारं नाही. आणि खाली वाकायचा जो प्रकार आहे तो बीपीमुळे अर्धाच, डोकं खाली न्यायचं नाही.

एक काम करा, दोघांच्याही सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स ओट्यावर मांडून फोटो पाठवा, त्यात आई तुझं ते आयुर्वेदिक चूर्ण आणि बाबांनी शेजारच्या काकांकडून घेतलेली ती कॅप्सूल पण ठेवा, लपवू नका. मी यादी टाईप करून देते, पुढच्या आयएनआरला जाल तेव्हा डॉक्टरांना दाखवायची.

रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे सहा वाजता फोन करते, इथे साडेआठ होतील. आयी पण येणार आहे, तिला तुम्हाला बघायचंय. हॉलमधलं टीपॉय बाजूला करून ठेवा, बाबांची लाकडी खुर्ची आणा, आई साडीऐवजी ड्रेस घाल म्हणजे पायात येणार नाही. पहिले चार प्रकार आपण चौघं मिळून करू.

तुमची,
मनू