वैनगंगेकाठच्या काका-काकूंना

काका, काकू, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेलच, पण चारचौघांनीही वाचावं म्हणून मी ते उघडपणे लिहिते आहे. कोकणच्या खाड्यांतून आम्ही नवरा-बायको शिडाची होडी घेऊन फिरतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, ‘विदर्भातली माणसं तुम्ही, समुद्र कुठे शिकलात?’ उत्तर भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, वैनगंगेवर आहे. समुद्र आम्ही नदीवर शिकलो, आणि तो तुम्ही शिकवलात.

लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला पाणी ओळखीचं होतं ते धानाच्या बांधीतलं. नदीत पाय टाकायची छाती नव्हती. काकू, तुम्ही लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून आधी स्वतः उतरलात, माझी हनुवटी तळहातावर तोलून धरलीत आणि पाय मारायला लावलेत. गावच्या सुनेनं नदीत पोहायचं म्हणजे तेव्हा बोलणी खायची गोष्ट. माझ्या वाटची बोलणी तुम्हीच खाल्लीत. त्याबद्दल तोंडानं आभार मानायचे राहूनच गेले होते.

काकांनी डोंग्यावर, म्हणजे त्यांच्या लहान नावेवर, बसवून पहिली गोष्ट सांगितली ती अजून कानात आहे. ‘पानी ओढते तं ओढू दे बाई, तिरपी चाल.’ समोरचा काठ गाठायचा तर डोंग्याचं तोंड धारेच्या वरच्या अंगाला तिरपं ठेवायचं; वल्ह्याचा जोर आणि पाण्याची ओढ मिळून डोंगा नेमका पलीकडे लागतो. जयगडला ओहोटीचं पाणी शास्त्री नदीला घेऊन समुद्राकडे धावतं, तेव्हा खाडी ओलांडताना आम्ही हेच करतो. नजर धक्क्यावर, तोंड मात्र वरच्या बाजूला.

नांगराचंही तसंच. दगडाला दोरी बांधून तुम्ही डोंगा उभा करायचात, आणि दोरी खोलीच्या कितीतरी पट लांब सोडायचात. पुढे होडी शिकताना आम्हाला सांगितलं गेलं की खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडा, नुसता दोर असेल तर सातपट, आणि खोली धरायची ती भरतीची. दोर लांब असला की ओढ आडवी बसते आणि नांगर तळात रुततो. आखूड पडला की तो उपटला जातो. आम्हाला ते दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. तुमचा दगड आम्ही पाहिलेला होता.

पण सगळ्यात मोठं देणं आहे ते जाळ्याच्या गाठीचं. उन्हाळ्याच्या दुपारी काका ओसरीवर जाळं विणत बसायचे, एका हातात बांबूची सुई, दुसऱ्या हातात जाळ्याच्या घराचं माप धरणारी पट्टी. एका दोऱ्याचा फास धरायचा, दुसरा दोरा त्यातून खालून वर काढायचा, फासाच्या दोन्ही पायांमागून फिरवायचा आणि स्वतःच्याच खाली दाबून ओढायचा. मी विचारलं की हातातलं काम थांबवून तुम्ही एकेक वेढा सावकाश दाखवायचात. हीच गाठ शिडाच्या होड्यांवर जगभर चालते, तिथे तिला शीट बेंड म्हणतात. जाड दोराला बारीक दोर जोडायला तिच्यासारखी दुसरी गाठ नाही, आणि काम झालं की ती सुटतेही सहज.

विजयदुर्गच्या अलीकडे एकदा आमचं इंजिन बंद पडलं. वारा पडलेला, दिवस कलायला आलेला, आणि पाणी होडीला खडकांकडे सरकवत होतं. एका मच्छीमार नौकेनं दोर फेकला, पण तो इतका जाड की आमच्या खुंटीवर बसेना. हे सुकाणूवर होते. मी त्या दोराचा फास केला, आमचा बारीक दोर त्यातून घेतला, मागून फिरवला, दोर ओला म्हणून एक वेढा जास्त दिला आणि दाबून ओढला. धक्क्याला लागेपर्यंत गाठ हलली नाही. त्या नौकेच्या तांडेलानं, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्यानं, ती हातात घेऊन पाहिली आणि कुणी शिकवली म्हणून विचारलं. मी सांगितलं, भंडाऱ्याकडच्या आमच्या ढिवरकाकांनी.

काका, तांडेलांकडून आम्हाला मिळालेलं एक गणित तुम्हाला आवडेल. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडे भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. तुम्ही तिथी बघून जाळं टाकणारे, तुम्हाला हे आमच्याआधी उमजेल.

आमच्या प्रशिक्षणाचा कागद भिंतीवर आहे. त्यावर तुम्हा दोघांचं नाव नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या नदीवर तुम्ही शिकवलंत ती नदीही आता तशी राहिली नाही. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली, पुढे पाणी अडलं आणि आपल्या घाटाखालची धार थांबली. नागपूरचं सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून त्याच जलाशयात येतं. कुठे पाणी तेलासारखं गुळगुळीत होऊन वर येतं, कुठल्या बारीक लाटेखाली रेती उथळ आहे, या तुमच्या खुणा बऱ्याचशा बुडाल्या. त्या आता फक्त तुमच्या डोक्यात आहेत.

म्हणून एक मागणं आहे. पावसाळ्यात आमची होडी खाडीच्या आत काठावर ओढून ठेवलेली असते आणि आम्ही इथेच असतो. सध्या धानाची रोवणी चालू आहे. ती आटोपली की मी वही घेऊन तुमच्याकडे येते. धारेला, भोवऱ्याला, उथळाला तुम्ही काय काय म्हणता, जुने डोह नेमके कुठे होते, मरळ मासळी कुठे बसायची, सगळं तुमच्या तोंडून उतरवून घ्यायचं आहे. वहीवर नाव तुम्हा दोघांचं राहील.

आणि दिवाळीनंतर होडी पाण्यात उतरेल तेव्हा तुम्ही यायचंच आहे. दुपारी वायव्येचा वारा सुटला की होडी दक्षिणेला छान चालते. सुकाणूवर काकू बसतील. तिकिटं आम्ही काढतो. काका, विणायची सुई तेवढी बरोबर घ्या, पुढच्या शिडाची दोरजाळी उसवली आहे.

तुमची,
सून