मसाईमारा नको, पिलान्सबर्गला जाऊ

दुबई, शनिवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "माझ्यापायी मसाईमारा सोडू नका, तुम्ही तिघं जाऊन या." तेव्हा मला बोलणंच सुचलं नाही. तुम्हाला घरी ठेवून आम्ही जाणार नाही, एवढं आधी सांगते.

केनियातल्या या माराच्या जंगलाचं वेड तुम्हीच लावलंत. जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डबीस्टचे, म्हणजे गायीएवढ्या हरणांचे, कळप मगरींच्या नदीत उड्या घेतात, ते टीव्हीवर लागलं की तुम्ही मला अभ्यासावरून उठवून आणायचात. पण केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. ती लस जिवंत विषाणूची. साठीनंतर ती जपूनच देतात, आणि तुमचं तर संधिवाताचं मेथोट्रेक्झेट, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, चालू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. लस न घेता सवलतीचं पत्र घेऊन जाता येईल, पण मग तापापासून तुम्हाला संरक्षण काहीच नसेल. त्याला माझी तयारी नाही.

म्हणून दक्षिण आफ्रिका. तिथे पिवळा ताप नाही. तिथलं क्रूगरचं जंगल सगळ्यांना माहीत असतं, पण त्या भागात मलेरिया आहे, आणि तुमच्या औषधांत आणखी गोळ्या नकोत. जोहान्सबर्गहून गाडीने अडीच तासांवर पिलान्सबर्ग आहे. तिथे मलेरियाही नाही. सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस, गेंडा, पाचही आहेत.

बाबा, ही जागा तुम्हाला आवडेल असं मला मनापासून वाटतं. एक अब्ज वर्षांहून जुन्या, विझलेल्या ज्वालामुखीची झीज होऊन गोल गोल डोंगररांगा उरल्यात, त्यांच्या आत हे जंगल आहे. पूर्वी इथे शेती होती. १९७९ साली कुंपण घालून, ट्रकांनी सुमारे ६,००० जनावरं आणून सोडली आणि जंगल पुन्हा उभं केलं. मधोमध मांक्वे धरण आहे, काठावर लपून बसायला आडोसा आहे. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस तिथून लवकर उठणार नाही.

आई, तुझ्यासाठी मी सगळ्यात जास्त विचार केला तो गाडीचा. ताडोब्यात जिप्सीत चढताना तुला दोघांनी वर ओढलं होतं, आणि नंतर तू दिवसभर गप्प होतीस. मी ते विसरले नाही. पिलान्सबर्गमध्ये आपली साधी गाडी घेऊन फिरता येतं, मुख्य रस्ते डांबरी आहेत. समीर चालवेल, तू पुढे बस. गुडघा दुखला की मागे फिरायचं, कुणा गाइडची वाट बघायची नाही. फक्त गाडीतून खाली उतरायचं नाही, तेवढा नियम कडक आहे. राहायला स्वयंपाकघर असलेलं घर मिळतं, म्हणजे तुझा वरणभात होईल.

जायचं मेच्या शेवटी. तिकडे तेव्हा पाऊस संपलेला असतो, गवत सुकून खाली बसतं आणि जनावरं पाणवठ्याला येतात. चातुर्मासाच्या आत तू घरी असशील. पहाटे मात्र कडाक्याची थंडी असते, तेव्हा माझं कॉलेजमधलं जाड स्वेटर कपाटात असेल तर काढून ठेव.

आदिस अबाबावरून तिकीट स्वस्त पडतं, पण वाटेत इथिओपिया आला की पुन्हा तोच लशीचा प्रश्न नको. तुम्ही मुंबईहून दुबईला या, आमच्याकडे दोन दिवस आराम करा, मग इथून थेट आठ तासांचं विमान आहे.

बाबा, व्हिसासाठी दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांचे फोटो पाठवा. आणि ती मोठी दुर्बीण दुरुस्तीला टाका, तिची डावी काच धूसर झालीय.

तुमची,
मंजू