‘रेफर’ झालेल्या बाळाचे पुढे काय?

महोदय,

नवजात बालकांच्या श्रवण तपासणीच्या भवितव्यावर आपल्या कालच्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला. नवी यंत्रे अधिकाधिक प्रसूतिगृहांत पोहोचणार असतील तर आनंदच आहे. परंतु पहिल्या तपासणीत जे बाळ ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासावे लागणारे, ठरते त्याची पुढे कोण विचारपूस करते, याविषयी लेखात एक ओळही नाही, आणि आमच्या घरचे नुकसान नेमके तिथेच झाले.

माझा नातू आठव्या महिन्यात जन्मला आणि शहरातील एका खासगी रुग्णालयात नऊ दिवस काचेच्या पेटीत होता. घरी सोडताना त्याची ओएई, म्हणजे आवाजाला अंतर्कर्ण देतो तो प्रतिसाद टिपणारी, तपासणी झाली व डिस्चार्ज कार्डाच्या कोपऱ्यात ‘रेफर, दोन्ही कान’ एवढेच लिहून मिळाले. ‘कानात पाणी असेल, महिन्याने या,’ असे सांगण्यात आले. पहिल्या दिवसांत असे पुष्कळदा होते हे खरे, म्हणूनच तर दुसरी तपासणी चुकवायची नसते. आम्ही गेलो तेव्हा यंत्र दुरुस्तीला गेले होते. पुन्हा गेलो तेव्हा तपासणारी व्यक्ती रजेवर होती. लसीच्या प्रत्येक डोसाचा संदेश सुनेच्या मोबाईलवर न चुकता येत होता, कानासाठी मात्र कोणीही एक फोन केला नाही. पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची केवळ ओएई पुरेशी नसते, कारण ती अंतर्कर्णापुरतीच असते आणि श्रवण मज्जातंतूचा दोष तिच्यातून निसटू शकतो, हेही आम्हांला फार उशिरा कळले.

घरी आम्ही थाळी वाजवून पाहिली. माझी बहीण त्याच्या मागे उभी राहिली, मी समोर बसलो. थाळी वाजली, त्याने मान वळवली आणि आम्ही निर्धास्त झालो. तो आवाजाने वळला नव्हता. माझी नजर थाळीकडे गेली, तिच्या मागोमाग त्याची गेली. सव्वीसाव्या महिन्यात त्याला झोपवून, कपाळाला आणि कानांमागे तारा लावून बेरा, म्हणजे आवाज मज्जातंतूतून मेंदूकडे पोहोचतो का हे पाहणारी, तपासणी झाली, तेव्हा दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष निघाला. पहिल्या महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असा दंडक आहे!

राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध कार्यक्रम 2006-07 पासून आहे, 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. उणीव आहे ती प्रत्येक प्रसूतिगृहात ‘रेफर’ बाळांची एक वही असण्याची आणि ती वही पाहून घरी फोन करणे हेच ज्याचे काम असेल अशा माणसाची. बेराच्या रांगेत भिवापूरकडची एक आई भेटली. ‘बाबूजी, ही तिसरी चक्कर हाय माही,’ असे ती म्हणाली. मजुरी बुडवून ती चौथ्यांदा येईल याची खात्री कोणी द्यावी?

आणखी एक. लेखाच्या शीर्षकात आपण ‘मूकबधिर’ हा शब्द वापरला आहे. या मुलांच्या कंठात सहसा कोणताही दोष नसतो. ऐकूच आले नाही म्हणून त्यांचे बोलणे अडते. श्रवणयंत्र लागल्यानंतर पाचव्या महिन्यात माझ्या नातवाने मला ‘आबा’ अशी हाक मारली आहे. पुढील लेखात तो शब्द कृपया टाळावा.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर