पाहुण्यांपासून घर लपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावाबाहेरच्या जुन्या घरात मित्रमंडळींना शनिवार-रविवार कसे बोलवावे, याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. छायाचित्रे इतकी देखणी होती की आमचे घर असे का दिसत नाही म्हणून मी थोडा वेळ खट्टू झाले. पण घराच्या उणिवा पाहुण्यांना जाणवू देऊ नयेत, हे यजमानाचे पहिले कर्तव्य, अशा अर्थाचा जो सल्ला त्यात आहे, तो मी एकदा तंतोतंत पाळून बसले आहे. त्यामुळे हे पत्र. शेवटी एक विनंती आहे, ती कृपया कापू नये.

मी निवृत्त इतिहास-शिक्षिका. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेल्या घरात आम्ही दोघे नऊ वर्षांपूर्वी राहायला आलो. घर ऐसपैस आहे, आणि वापरात दोनच माणसे. सहा वर्षांपूर्वी मी कॉलेजातल्या सात मैत्रिणींना दोन रात्रींसाठी बोलावले. महिनाभर आधी माझी तयारी सुरू झाली. तयारी म्हणजे काय, तर झाकाझाकी. पडदे, उशा, गालिचा. खालच्या खोलीतल्या भिंतीला लोणा धरला होता, तिच्यापुढे कपाट सरकवले. ‘यजमान’ या शब्दाला आमच्या घरात दुसराही अर्थ आहे. ते यजमान मला म्हणाले, “अगं, ओल आहे असं सांगून टाक की.” मी ऐकले नाही.

त्या भिंतीची कथा अशी. मूळ गिलावा चुन्याचा. सासऱ्यांच्या काळात तो खरवडून वर सिमेंट थापले, मग ऑइलपेंट. त्या काळी तीच सुधारणा वाटत असणार. जुन्या भिंती जमिनीतली ओल थोडीथोडी शोषतच राहतात, आणि चुना ती हवेत सोडून देतो. सिमेंट आणि ऑइलपेंट तिची वाट अडवतात. मग ओल वर चढते, भलत्याच जागी फुटते, पोपडे धरते. अशा भिंतीला हवा हवी असते, आणि मी तिच्या तोंडावर कपाट लावले! एका मैत्रिणीने आपली रेशमी शाल त्याच कपाटात ठेवली. रविवारी शाल बाहेर निघाली ती बुरशीचा वास घेऊन. तिने काही न बोलता ती घडी करून पिशवीत टाकली. ते न बोलणे मला अजून टोचते.

शनिवारी संध्याकाळी दिवे गेले. वरच्या मजल्यावर एकीने पाणी तापवायचा हीटर लावला, दुसरीने इस्त्री. हीटर २,००० वॉटचा. आमची वरची लाइन दिव्यांपुरती, ५ अँपिअरची. म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,१५० वॉट. एकट्या इस्त्रीनेच ती काठोकाठ भरली असती. हे मी आधी एका वाक्यात सांगू शकले असते. पण मी पाहुण्यांना काय सांगितले होते? “काहीही लागलं तर हवं तिथे लावा गं!” फ्यूज उडाला. माझी शोभा होऊ नये म्हणून यजमानांनी अंधारात त्यात जाड तार बसवली, आणि दिवे आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझा धाकटा भाऊ आयुष्यभर वायरिंगची कामे करत आला. पुढच्या आठवड्यात त्याला हे कळले, तेव्हा तो आपल्या भाओजींना म्हणाला, “तुम्ही फ्यूज नाही, काडेपेटी बसवलीत.” फ्यूजमधली बारीक तार वितळते, तेच तिचे काम. जाड तार वितळत नाही, मग तापते ती भिंतीतली जुनी वायर. आणि आमच्या घरात ती वायर लाकडी पट्टीवरून, लाकडी तुळईला लागून गेली आहे. त्या रात्री त्या तुळईखाली नऊ माणसे झोपली होती. टाळ्यांचा आवाज आठवला की आजही पोटात गोळा येतो.

रविवारी सकाळी संडास तुंबला. यावर फार लिहीत नाही, पण अज्ञान माझेच होते म्हणून थोडे लिहिते. सेप्टिक टँकला शांतता लागते. गाळ तळाशी बसतो, हलका थर वर तरंगतो, आणि मधले त्यातल्या त्यात नितळ पाणी शोषखड्ड्यात जाते. दोन माणसांची सवय असलेल्या टाकीत नऊ माणसांचे पाणी एकदम आले (आमच्या जुन्या फ्लशला दर वेळी १० लिटरच्या वर पाणी लागे), की आतले सगळे ढवळून निघते आणि गाळ शोषखड्ड्याकडे वाहतो. त्यात शुक्रवारी घर चकचकीत करताना मी जंतुनाशकाची अख्खी बाटली ओतली होती. म्हणजे टाकीत इमानेइतबारे काम करणारे जिवाणूही मीच मारले. मग बादल्या, काठी, नाकाला रुमाल. गंमत म्हणजे दोन दिवसांतले खरे हसणे तिथेच झाले. लपवायला काही उरलेच नव्हते.

इथवरचे सगळे हसण्यावारी नेता येते. फ्यूज सोडून. पण एक गोष्ट मला वर्षभराने कळली.

आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात. तिला मी मुद्दाम घरातली सगळ्यात चांगली, वरची खोली दिली होती. खिडकीतून नदीचे वळण दिसते, पहाटे धुके दिसते. लेखातल्या छायाचित्रात शोभावी अशी खोली. संडास मात्र खाली. जिना तेरा पायऱ्यांचा, उंच आणि अरुंद, आणि वरून तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा बोट-दीड बोट उंच. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंची पाठ होते आणि पुढे तो सवयीने पडतो. मध्येच एक पायरी वेगळी आली की माणूस ठेचकाळतो. आम्हा दोघांच्या पायांना ती पायरी पाठ आहे. आम्हाला ती उणीव वाटतच नाही. रात्रीच्या त्या जिन्याच्या धास्तीने माझ्या मैत्रिणीने दोन्ही दिवस संध्याकाळी सहानंतर पाण्याचा घोट घेतला नाही. दुसऱ्या मैत्रिणीने फोनवर सहज बोलता बोलता मला हे सांगितले. मी विचारले नव्हते, कारण विचारणे म्हणजे जिना वाईट आहे हे कबूल करणे. तिने सांगितले नव्हते, कारण मी इतक्या हौसेने ती खोली दिलेली. खाली ओल आलेली खोली रिकामी होती. तिथे ती सुखाने झोपली असती.

आता थोडा इतिहास, सवय जात नाही. लेखात इंग्रजी ग्रामीण हवेल्यांमधल्या शनिवार-ते-सोमवारच्या पाहुणचाराचे कौतुक आहे. त्या घरांत उणिवा दिसत नसत, कारण त्या पोटात घालायला नोकरांची फौज असे. ऊन पाण्याची भांडी मागच्या जिन्याने वर पोचत, पाहुण्याला जिन्याची उंची मोजावी लागत नसे. आणि तरीही त्या घरांना आपापले कायदे होतेच. सॅन्ड्रिंगहॅम या इंग्लंडच्या राजघराण्याच्या ग्रामीण घरी राजा सातव्या एडवर्डने शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून सगळी घड्याळे अर्धा तास पुढे लावून ठेवली होती. ती प्रथा आठव्या एडवर्डने १९३६ साली बंद करीपर्यंत चालली. हे माहीत नसलेल्या पाहुण्याचे जेवणाच्या वेळी काय झाले असते, विचार करा. राजाच्या घराला अर्ध्या तासाचा वेडेपणा चालतो, तर माझ्या घराला एक वेडी पायरी का चालू नये? फक्त ती सांगितली पाहिजे.

म्हणून आता पाहुणे यायच्या आधी बुधवारी मी सगळ्यांना एक निरोप पाठवते. त्यात नदी नाही, धुके नाही, ते त्यांना आल्यावर दिसेलच. जिना कसा आहे, संडास किती आणि कुठे, अंघोळीला एकेक बादली, शॉवर नाही, हीटर-इस्त्री फक्त खाली आणि एका वेळी एकच. (शॉवरला मिनिटाला ८-१० लिटर पाणी सहज जाते. आमची पाण्याची टाकी ५०० लिटरची. हिशेब मुले करतात तसा बोटांवर करावा.) ओले कागदी रुमाल (वेट वाइप्स) संडासात टाकायचे नाहीत, ते विरघळत नाहीत. वरच्या खोलीत गप्पा मारा, नाचू नका. तुळयांची भिंतीत रुतलेली टोके ओलीने आधी कुजतात, वाळवी तिथूनच शिरते, आणि वरून तुळई ठणठणीत दिसते. सगळ्यांचे पाय एका तालात पडले की भार नुसता उभे राहण्यापेक्षा कितीतरी वाढतो. दोन तुळया आम्ही बदलल्या आहेत, बाकीच्यांना मी अजून मान देऊन वागते.

रात्रीचे आवाजही लिहिते. दिवसा तापलेले लाकूड आणि पत्रा रात्री निवताना आखडतात, आणि घर बोटे मोडल्यासारखे कडकड वाजते. हे आधी माहीत असले की माणूस कूस बदलून झोपतो. नसले की पहाटेपर्यंत चोर आला म्हणून बसून राहतो. शेवटची ओळ: तुझे काय दुखते, रात्री किती वेळा उठावे लागते, ते मला एकटीला कळव. सुरुवातीला हे विचारायला अवघड गेले. आता साठी ओलांडल्यावर कोण कोणापुढे लाजते!

हा निरोप वाचून आजवर दोघींनी येणे रद्द केले. एकीच्या आईला चाकांच्या खुर्चीतून आणायचे होते. तिने मनापासून आभार मानले, आणि मीच तिच्याकडे जाऊन आले. दुसरी रुसली. रुसू दे.

पाहुण्यांना काडीला हात लावू देऊ नये, हेही मला पटत नाही. जुन्या घराला रोजची कामे असतात. ऊन चढायच्या आत खिडक्या मिटायच्या आणि रात्री सताड उघडायच्या, मग जाड भिंती दुसऱ्या दुपारपर्यंत गारवा धरून ठेवतात. हे काम मी सर्वांत आधी उठणाऱ्या पाहुण्याला देते. सगळ्या खिडक्या मिटेपर्यंत त्याचे अख्खे घर फिरून होते. मी मात्र दुपारी तासभर कोठीच्या खोलीत गडप होते. रोमपासून १७ मैलांवर लॉरेंटमला प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाचे एक घर होते. सणाच्या दिवसांत घरभर धुडगूस चाललेला असताना तो आवाज पोचणार नाही अशी एक दूरची खोली त्याने बांधून घेतली होती, असे त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे. घर कितीही हौसेचे असो, बोलावणाऱ्यालाही दार लावून घ्यावेसे वाटते, हे त्याला एकोणीसशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

आता ती विनंती. लेखातल्या एका छायाचित्रात खिडक्या बंद असलेल्या झोपायच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवलेली दिसते, आणि थंडीत पाहुण्यांसाठी असे करावे, असे खाली सुचवले आहे. कृपया याची दुरुस्ती पुढच्याच अंकात छापावी. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर दिसेनासा झाला तरी तो असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातले काही कळतच नाही. जुन्या घराच्या फटींतून हवा येईल या भरवशावर राहू नये, थंडीत त्याच फटी आपण कापड कोंबून बुजवतो. जुन्या धुराड्यावरही विसंबू नये, त्यात पक्ष्यांनी घरटे केलेले असू शकते. शेगडी अंगणात पेटवावी, भोवती बसून शेकावे, आणि आत पांघरुणे जास्त द्यावीत.

पत्र लांबले, मला ठाऊक आहे. जागा नसेल तर शाल कापा, संडास कापा, प्लिनीलाही कापा. शेगडीचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये. मैत्रिणी ओळखतीलच.)