जाताना सोळा तास, येताना साडेचौदा

महोदय,

उलव्याचा नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून लांबच्या शहरांची हवाई अंतरे आणि 'प्रवासाचा वेळ' देणारी कोष्टके बरीच वाचायला मिळतात. मुंबई–न्यूयॉर्कपुढे त्यांत एकच वेळ असते : अंतर भागिले ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे सुमारे चौदा तास. जातानाच्या तिकिटावर हा आकडा सापडायचा नाही.

सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. ती विसरा. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांत धागा ताणा. तो मध्य आशिया, रशिया, नॉर्वे करत आइसलँडला, जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली येतो. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर धागा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर धरा, साडेबारा हजार झाले.

विमान या धाग्यावरून जाईलच असे नाही. २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि वळसे वाढले. त्यात वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात अधिक जोराने. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. वाऱ्यापुढे अंतर किती लंगडे पडते ते २०१६मध्ये दिसले. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढून १५,३०० झाले, वेळ मात्र कमी लागला.

तिकिटावरची वेळ एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर जागेवर लागणे हे सगळे तिच्यात येते. शिवाय सुटण्याची वेळ इथल्या घड्याळाची, पोहोचण्याची तिथल्या. समजा जानेवारीत रात्री २ला निघून सकाळी ७.३०ला न्यूयॉर्क. वजाबाकीने साडेपाच तास येतात. त्यात दोन घड्याळांतला साडेदहा तासांचा फरक मिळवा, सोळा. परत येताना सकाळी ११.३० ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३०, म्हणजे पंचवीस तास. त्यातून साडेदहा वजा करा, साडेचौदा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे तासभर पुढे जातात, की साडेदहाचे साडेनऊ होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेदहा. पुढची जोडफ्लाइट पकडताना घोळ होतो तो बहुधा याच तासाचा.

तेव्हा कोष्टक छापायचे तर जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी द्यावी आणि ती कोणत्या महिन्यातली तेही लिहावे. सांताक्रूझऐवजी उलव्याहून निघाल्याने न्यूयॉर्क किती लांब पडते? सुमारे वीस किलोमीटर, हवेत सव्वा मिनिट. ठाण्याहून निघालेल्याचे त्याहून जास्त ऐरोलीच्या एका सिग्नलला जाते.

– एक वाचक, ठाणे