अणुपाणबुडी: मंजुरीनंतरची वर्षं मोजा

महोदय,

विशाखापट्टणमला दोन हल्लेखोर अणुपाणबुड्या बांधायला ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राने मंजुरी दिली. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर तेव्हापासून एकच सूर: एवढी वर्षं ‘चक्र’ नावाच्या भाड्याच्या रशियन अणुपाणबुड्या चालवल्याच की, मग आता उशीर कसला? अहो, चालवणं वेगळं आणि बांधणं वेगळं.

दुसरी ‘चक्र’ म्हणजे रशियाची ‘नेर्पा’. आमूर नदीकाठच्या कोम्सोमोल्स्कच्या गोदीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं काम लागलं. सोव्हिएत संघ मोडला, पैसा आटला आणि अर्धवट सांगाडा तसाच पडून राहिला. पाणी लागलं ते २००६ साली. ८ नोव्हेंबर २००८ रोजी, जपानच्या समुद्रात चाचण्या चालू असताना आग विझवायची यंत्रणा आग नसतानाच सुरू झाली. बंद कप्प्यांत विषारी वायू भरून २० जण गेले. त्यातले १७ नौदलाचे नव्हतेच. खापर एका नाविकावर फोडलं गेलं, ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. अखेर ४ एप्रिल २०१२ला ती आपल्या नौदलात आली आणि २०२१मध्ये परत गेली. बांधणीला दीड तप, सेवा जेमतेम नऊ वर्षं!

काम मध्येच थांबलं की नुसतं वेळापत्रक कोलमडत नाही, हातही मोडतात. माझी हयात भोसरीत गिअर कापण्यात गेली. दाताच्या पृष्ठभागावर चार-पाच मायक्रॉन जास्त राहिले तरी गिअर आवाज मारतो. कारखान्यात तो फार तर कानाला टोचेल. पाण्याखाली तोच शत्रूच्या सोनारला, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राला, पत्ता सांगेल. टर्बाइनची गती पंख्याला झेपेल इतकी उतरवणारा, आपल्या पहिल्या स्वदेशी अणुपाणबुडीचा, ‘अरिहंत’चा गिअरबॉक्स आपल्याच जिल्ह्यात, वालचंदनगरला झाला, हे पुण्यात किती जणांना ठाऊक आहे? असं काम करणारा माणूस दोन वर्षं ऑर्डरविना बसला की दुसरीकडे जातो, आणि त्याच्या हाताखाली शिकलेला पोरगा तर त्याच्याही आधी.

म्हणून विनंती एवढीच, की जलावतरणाच्या नारळाचा फोटो छापालच. पण मधल्या वर्षांत दर अर्थसंकल्पानंतर लहान कारखान्यांकडे कामाचा ओघ चालू आहे का, हेही आपल्या वार्ताहरांनी चाकण-भोसरीत फिरून विचारावं.

— एक निवृत्त यंत्र अभियंता, चिंचवड, पुणे